गॅस संपत नाही, गळतो

१९५८ साली गोदरेजने आपल्या देशात फ्रिज बनवायला सुरुवात केली, आणि माझा जन्मही त्याच सालचा. त्यामुळे देशी फ्रिज आणि मी एकाच वयाचे. दोघांचीही रबरं आता ढिली झाली आहेत, असं आमच्या घरातून ऐकू येतं. आयटीआयमधून रेफ्रिजरेशनचा कोर्स करून मिरजेत उस्तादांच्या हाताखाली लागलो तो १९७८ साली. आता दुकान पुतण्या बघतो, मी खुर्चीत बसून त्याच्या चुका बघतो.

मागच्या अंकात संपादकांनी ‘फ्रिजबद्दल काही अडलं असेल तर लिहा’ अशी दोन ओळींची सूचना छापली होती. पत्रं आली ती पिशवी भरून. निम्म्याहून जास्त पत्रांत एकच वाक्य आहे : ‘मेकॅनिक म्हणतो, गॅस संपला.’ म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आमचा डबल डोअर फ्रिज नऊ वर्षांचा आहे. वर आइस्क्रीम दगडासारखं राहतं, पण खाली ठेवलेलं दूध दुसऱ्या दिवशी फाटतं. मेकॅनिक आला, मागे हात लावून बघितला आणि ‘गॅस संपला, साडेतीन हजार होतील’ म्हणाला. करून घेऊ का?
*— एक वाचक, सोलापूर*

ताई, पैसे अजून दिले नसतील तर थांबा.

स्कूटरमधलं पेट्रोल संपतं तसा फ्रिजमधला गॅस संपत नाही. कंप्रेसर, मागची किंवा अंगातली गरम जाळी, केसासारखी बारीक कॅपिलरी नळी आणि फ्रीझरची कॉइल, एवढ्या बंद वाटेवर तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत असतो. तो कमी झाला याचा अर्थ कुठून तरी गळाला. म्हणून ‘गॅस संपला’ म्हणणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचा : ‘गळती कुठं आहे, दाखवा.’ जो गळती शोधणार नाही, ड्रायर (गॅसमधला ओलावा टिपणारी डबी) बदलणार नाही, व्हॅक्यूम मारणार (म्हणजे नळ्यांतली हवा पंपाने ओढून काढणार) नाही आणि नुसता गॅस सोडून जाईल, तो थोड्या महिन्यांनी परत येणार हे नक्की. तेव्हाही पैसे घेणार, हेही नक्की.

आता तुमच्या फ्रिजकडे येऊ. गॅस खरंच कमी असता तर आधी वरचं आइस्क्रीम पातळ झालं असतं. तुमच्याकडे उलटं आहे. वर कडक, खाली कोमट. हे लक्षण बहुतेक वेळा बर्फाचं असतं.

वर फ्रीझर आणि खाली फ्रिज अशा फ्रॉस्ट फ्री डबल डोअरमध्ये गारवा तयार करणारी कॉइल सहसा एकच असते. ती फ्रीझरच्या मागच्या प्लॅस्टिकच्या पडद्याआड लपलेली असते. तिथला छोटा पंखा गार हवा फ्रीझरमध्ये फिरवतो आणि त्यातली थोडी एका बोगद्यातून खाली सोडतो. खालच्या कप्प्याला स्वतःचा गारवा नाही, तो वरून येणाऱ्या हवेवर जगतो. एकत्र कुटुंबातल्या धाकट्यासारखं.

आपण दार उघडतो, बाहेरची दमट हवा आत जाते, तिचा बर्फ त्या कॉइलवर धरतो. तो वितळवायची सोय आतच असते. दर काही तासांनी टायमर कंप्रेसर थांबवतो आणि कॉइलखालचा हीटर चालू करतो. बर्फ वितळून पाणी नळीतून खाली कंप्रेसरवरच्या ताटलीत जातं आणि तिथल्या उष्णतेने उडून जातं. घरात कोणाला पत्ताही लागत नाही. पण टायमर, हीटर, बायमेटल (बर्फ वितळला की हीटर तोडणारा) आणि थर्मल फ्यूज (फारच तापलं तर उडून वीज तोडणारा) या चौघांपैकी एकाने जरी संप केला तरी बर्फ वितळत नाही, रोज थोडा थोडा चढत जातो आणि शेवटी पंख्याची वाट बुजते. फ्रीझर बर्फाच्या शेजारी असल्याने गार राहतो, खाली हवाच पोचत नाही. दूध फाटतं.

याची एक फुकटची परीक्षा आहे. फ्रिज पूर्ण रिकामा करा, प्लग काढा, दोन्ही दारं सताड उघडी ठेवून एक दिवस आणि एक रात्र जाऊ द्या. खाली जुनी धोतरं, टॉवेल घाला, पाणी भरपूर येईल. मागची ताटली भरून वाहिली तर घाबरू नका. मग फ्रिज चालू करा. खालचा कप्पा पुन्हा छान गार झाला, आठ-दहा दिवस चालला आणि परत कोमट पडला, तर गॅसचा काही संबंध नाही. बर्फ वितळवण्याच्या सर्किटमध्ये बिघाड आहे.

बर्फ वितळेपर्यंत धीर धरायचा. सुरी, उलथणं, स्क्रू ड्रायव्हर काही लावायचं नाही. हे मी अनुभवाने सांगतोय. १९७९ साली मिरजेत एका डॉक्टरांच्या घरी सिंगल डोअरच्या फ्रीझरमधला बर्फ मी स्क्रू ड्रायव्हरने उकरायला गेलो. ‘फुस्स’ असा आवाज आला, पाच सेकंद. अॅल्युमिनियमच्या त्या डब्याला भोक पडलं आणि सगळा गॅस हवेत. डॉक्टरीणबाईंनी मला चहा पाजला, उस्तादांनी मात्र माझ्या पगारातून सहा महिने पैसे कापले.

आता सुट्या भागांचं. मेकॅनिकला पडदा उघडायला सांगा, आणि आधी मीटर (भागातून वीज जाते का ते तपासणारा मल्टिमीटर) लावायला. चारही भाग एकदम बदलणारा मेकॅनिक मला आवडत नाही. तो तुमच्या पैशाने निदान करतो.

बायमेटल म्हणजे कॉइलवर चिमट्याने बसवलेली गोल डबी. ती गार असतानाच जोडलेली असते, खोलीच्या उष्णतेत तुटलेलीच दाखवते. नवी पोरं ती काढतात, हातात धरून मीटर लावतात, ‘गेलं’ म्हणून चांगली फेकून देतात. शेजाऱ्यांच्या फ्रीझरमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवून लगेच मीटर लावलं तर खरं कळतं. थर्मल फ्यूज मात्र एकदा उडाला की उडाला. आणि तो काढून दोन वायरी ‘डायरेक्ट’ जोडून दिल्या असतील तर त्या मेकॅनिकला पुन्हा घरात घेऊ नका. हीटर अडकून चालू राहिला तर त्याला तोडणारं दुसरं कोणी उरत नाही. आतलं प्लॅस्टिक वितळून लोंबलेला फ्रिज मी स्वतः उघडला आहे.

टायमर विकत घेताना चेहरा बघून घेऊ नका. बहुतेकांना चार पिना असतात आणि दिसायला ते जुळे भाऊ असतात, पण आतली जोडणी वेगळी निघते. जुन्या टायमरवरचा नंबर, व्होल्टेज आणि छोटा छापलेला नकाशा, तिन्ही जुळले पाहिजेत. काढण्याआधी वायरींचा मोबाइलवर फोटो घ्या, कोणता रंग कुठल्या पिनेला होता ते दिसेल असा. आणि तुमच्या फ्रिजमध्ये टायमर असेलच असंही नाही. नव्या मॉडेलमध्ये त्याच्या जागी सर्किट बोर्ड आणि सेन्सर असतो. तेव्हा आधी उघडून बघा, मग बाजार गाठा.

एक राहिलंच. दिवसभराच्या उपवासानंतर फ्रिज चालू केल्यावर पंख्याचा आवाज येतो का ते ऐका. दार उघडं असताना पुष्कळ फ्रिजमध्ये पंखा थांबतो, म्हणून दाराचं बटण बोटाने दाबून ऐका. मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. तिथले कारागीर सतारीची जवारी, म्हणजे तारेचा झणकार, कानाने लावतात. आमच्या उस्तादांचं म्हणणं असायचं, फ्रिजवाल्याला तेवढा नाही तरी त्याच्या निम्मा कान पाहिजे. पंखा गप्प असेल तर बर्फाला दोष देऊ नका, मोटर तपासा.

दाराचं रबर खालच्या कोपऱ्यात फाटलं आहे. सर्व्हिस सेंटर म्हणतं, मॉडेल बंद झालं, रबर मिळणार नाही, नवा फ्रिज घ्या. फ्रिज बाकी उत्तम आहे. तपकीर गल्लीत चौकशी केली, तिथे वायरी आणि बल्ब मिळाले, रबर नाही.
*— निवृत्त शिक्षक, पुणे*

सर, तुम्ही बल्ब घेऊन परत आलात हे ऐकून बरं वाटलं, तोही लागतोच कधीतरी.

रबरासाठी सबंध फ्रिज टाकायचा म्हणजे चप्पल तुटली म्हणून पाय बदलण्यासारखं. मॉडेल बंद झालं तरी रबर करून मिळतं. मोठ्या शहरात फ्रिजचं सुटं सामान विकणारी दुकानं असतात, त्यांच्याकडे चुंबकाची पट्टी घातलेल्या रबराच्या लांब लांब पट्ट्या येतात. ते माप घेऊन पट्टी कापतात, कोपरे पंचेचाळीस अंशात छाटतात आणि गरम करून सांधतात. चित्राची चौकट करतात तसंच. सांधा नीट जुळलाय का ते कोपऱ्यात नख फिरवून बघायचं.

पण त्यांच्याकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. तीन गोष्टी न्या. पहिली, जुन्या रबराचा चार बोटं लांब तुकडा, फाटलेल्या जागेचाच कापा. रबर मागून कसं बसतं हे त्या छेदावरूनच कळतं : काहींना खाचेत दाबून बसणारं बाणासारखं टोक असतं, जुन्यांत रबर पट्टीखाली जाऊन स्क्रूने आवळलेलं असतं. दुसरी, रबराच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत उंची आणि रुंदी, मिलीमीटरमध्ये, दाराची नव्हे. तिसरी, मॉडेल नंबरच्या स्टिकरचा फोटो. हे स्टिकर बाहेर दारावर नसतं. खालच्या कप्प्यात डावीकडच्या भिंतीवर किंवा भाजीच्या ट्रेमागे बघा, नाहीतर पाठीमागे कंप्रेसरजवळ. दारावर जे ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं ती जाहिरात असते.

त्याआधी मात्र खात्री करा की दोष रबराचाच आहे. दहा रुपयांची नोट दारात अर्धी आत अर्धी बाहेर ठेवा, दार लावा आणि ओढा. थोडी अडून आली पाहिजे. अशी चारही बाजूंनी फिरवा. एकाच कोपऱ्यात सहज निसटत असेल तर कदाचित दार खाली आलंय आणि बिजागरीच आवळायची आहे. फ्रिज पुढे किंचित उंच ठेवा, पुढचे पाय अर्धा-पाऊण वळसा फिरवून. अर्धवट उघडं दार आपोआप मिटलं पाहिजे.

रबर फाटलेलं नसून नुसतं चपटं झालं असेल तर कढत पाण्यात भिजवलेलं फडकं त्यावर धरा, किंवा हेअर ड्रायर लांबून फिरवा, मऊ झालं की बोटाने बाहेर ओढून आकार द्या. घड्यांतला काळा थर साबणाच्या पाण्याने, जुन्या टूथब्रशने. रॉकेल, थिनर नको, रबर तडकतं. बिजागरीच्या बाजूला बोटभर व्हॅसलिन चोळलं की दार उघडताना रबर चुरगळत नाही.

सर्व्हिस सेंटरच्या उत्तरावर समाधान नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी, ग्राहक दिनाला, ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टलही सुरू केलं. दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती कंपन्यांनी ग्राहकाला द्यावी हा त्यामागचा हेतू. आमच्या वेळी असलं काही नव्हतं, आम्ही कंपनीच्या गोडाऊनकीपरला दिवाळीला चिवडा द्यायचो.

भाजीच्या ट्रेखाली रोज पाणी साचतं. पावसाळ्यात तर दारावरसुद्धा बाहेरून थेंब धरतात. फ्रिज गळतोय का?
*— म्हापसा, गोवा*

आतल्या पाण्याचं आणि बाहेरच्या पाण्याचं नातं नाही.

बाहेरचे थेंब म्हणजे तुमच्या पावसाची दमट हवा गार दारावर बसते, तांब्याच्या गार तांब्याला पाणी सुटतं तसं. फडक्याने पुसा. रबर सैल नाही ना तेवढं नोटेने बघा.

आतलं पाणी म्हणजे वितळलेल्या बर्फाच्या पाण्याची वाट बुजली. खालच्या कप्प्याच्या मागच्या भिंतीवर पन्हळ आणि भोक दिसत असेल तर काम सोपं : मेडिकलमधून सुई नसलेली मोठी सिरिंज आणा, कोमट पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घालून हळूहळू आत सोडा. बहुतेक वेळा कोथिंबिरीची काडी निघते. तुमच्याकडे कढीपत्ताही असेल. फ्रॉस्ट फ्रीमध्ये हे भोक फ्रीझरच्या पडद्याआड असतं आणि तिथं बर्फाचा बुच बसतो. मग वर सोलापूरच्या ताईंना सांगितलेला चोवीस तासांचा उपवास तुम्हालाही. मागची ताटली काढून धुवा, प्लग काढून. तिच्यात डास झालेले मी पाहिलेत.

समुद्राजवळ आहात म्हणून एक जास्तीचं : मागची जाळी उघडी असेल तर तिच्यावरचा गंज दर वर्षी बघत जा. खाऱ्या हवेने नळी पोखरली तर मात्र गॅस खरोखर गळतो.

आमच्याकडे विजेचा खेळ असतो. लाइट गेली आणि आली की फ्रिज मागून ‘टिक’ करतो, मग थांबतो, मिनिटाने परत ‘टिक’. कंप्रेसर चालू होत नाही. मेकॅनिकने ‘कंप्रेसर जाम’ असं सांगितलं.
*— जत, जि. सांगली*

दादा, जतची वीज मला माहीत आहे. तुमच्या भागात स्टॅबिलायझर बसवायला मी एसटीने यायचो.

कंप्रेसर बंद पडला की त्याच्या एका बाजूला दाब जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असतो. तो सारखा व्हायला काही मिनिटं लागतात. लाइट लगेच आली तर कंप्रेसर त्या दाबाविरुद्ध उठू शकत नाही, जास्त करंट ओढतो आणि ओव्हरलोड नावाचा रक्षक त्याची वीज तोडतो. तोच तुमचा ‘टिक’. पोत्याखाली दबलेला हमाल उठू शकत नाही, त्यातला प्रकार. म्हणून लाइट गेली की प्लग काढा आणि आल्यावर पाच मिनिटांनी लावा. पाच मिनिटं थांबूनही टिकटिक चालूच राहिली, तर पुढं वाचा.

आधी व्होल्टेज मोजा, फ्रिजच्या प्लगमध्येच, आणि संध्याकाळी, शेतीच्या मोटारी चालू असताना. व्होल्टेज फार खाली येत असेल तर दोष फ्रिजचा नाही. मग कंप्रेसरच्या कुशीला बसवलेला रिले, म्हणजे त्याला उठताना धक्का देणारा भाग, काढायला सांगा, प्लग काढून. कानाजवळ धरून हलवा. आत खुळखुळा वाजला तर चकती फुटली आहे. रिले आणि ओव्हरलोडचं काम शेकड्यात होतं, कंप्रेसरचं हजारांत, आणि पुष्कळ ‘जाम’ कंप्रेसर मी नुसता रिले बदलून चालू केलेत. रिले तपासल्याशिवाय कोणी कंप्रेसरचा शब्द काढला तर चहा द्या आणि वाटेला लावा.

रिले घेताना कंप्रेसरवरचं लेबल वाचा. तिथं आर-१३४ए लिहिलंय की आर-६००ए? दुसरं असेल आणि सोबत ज्योतीचं चित्र असेल, तर आत आयसोब्युटेन आहे, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा चुलतभाऊ. तो पेटतो. अशा फ्रिजला ठिणगी बाहेर पडणार नाही असेच, त्याच कंप्रेसरसाठी सांगितलेले रिले आणि ओव्हरलोड लावायचे, जे हाताला येईल ते नाही. आणि बंद स्वयंपाकघरात त्याच्या नळ्यांना गॅसची शेगडी, बर्नर लावू द्यायचा नाही. यात भरायचा गॅस अगदी थोडा असतो, घरगुती फ्रिजमध्ये सहसा शंभर ग्रॅमच्याही आत, त्यामुळे तो वजनकाट्यावर मोजूनच भरावा लागतो. ‘अंदाजाने भरतो’ म्हणणाऱ्याला परत पाठवा.

२०१९च्या महापुरात आमचा फ्रिज पाण्यात होता. तेव्हा वाळवून चालू केला, अजून चालतो, पण बिल जास्त येतं आणि बाजू ओल्या राहतात. याला काही करता येईल?
*— सांगली*

त्या ऑगस्टमध्ये मी सांगलीत लोकांचे फ्रिज कृष्णेच्या पाण्यावर तरंगताना पाहिले. फ्रिज तरंगतो, कारण त्याच्या भिंतींत फोम असतो. त्याच फोमच्या फटींत तुमच्या फ्रिजने पुराचं पाणी धरून ठेवलं असणार. ओला फोम गारवा अडवत नाही, म्हणून बाजू ओल्या, म्हणून बिल. पत्रा न फाडता तो फोम वाळत नाही. रबर धड असूनही हे होत असेल तर याच्यावर खर्च करू नका. तुमच्या घरात पुन्हा पाणी येण्याची शक्यता आहे, म्हणून सांगतो : भिजलेला फ्रिज चिखल धुऊन, महिनाभर मागचं झाकण काढून उघड्यावर वाळवल्याशिवाय आणि वायरिंग मीटरने तपासल्याशिवाय प्लगमध्ये घालायचा नाही. त्या वर्षी लोकांनी आठ दिवसांत फ्रिज लावले आणि शॉक खाल्ले.

आम्ही भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहतो. वर फ्रीझर असलेला साधा फ्रिज आहे, हल्ली सतत चालू असतो. भारतातून येताना टायमर आणू का? बाबा म्हणतात, तिकडे स्वस्त मिळेल.
*— न्यू जर्सी*

बाबांना नमस्कार सांगा आणि टायमर आणू नका. तिकडची वीज ११५-१२० व्होल्ट आणि ६० सायकलची, आपली २३० आणि ५०ची. इथला टायमर तिथं चालणार नाही. फ्रिज घरमालकाचा असेल तर आधी त्याला कळवा. तुमचा असेल तर तुम्ही नशीबवान : पूर्ण मॉडेल नंबर टाकला की प्रत्येक स्क्रूचा नंबर असलेलं चित्र तिकडे समोर येतं. आम्ही असल्या चित्रांसाठी पदर पसरला असता.

पण काही विकत घेण्याआधी फ्रिजच्या पायाशी पुढे जी जाळीदार पट्टी असते ती ओढून काढा. तिकडच्या पुष्कळ फ्रिजची गरम कॉइल खाली पोटाखाली असते आणि तिच्यावर गालिच्याचा धागा, कुत्र्यामांजराचे केस यांची गोधडी शिवली जाते. प्लग काढून लांब दांड्याच्या ब्रशने झाडा. ‘सतत चालू’चं औषध बऱ्याचदा हेच असतं.

भारतातल्या वाचकांसाठी : आपली जुनी मागची काळी जाळी दर दिवाळीला आणि एकदा उन्हाळ्याच्या तोंडावर मऊ ब्रशने झाडायची. नव्या फ्रिजला मागे जाळी दिसत नाही, ती बाजूच्या पत्र्याखाली असते. बाजू गरम लागतात ते त्यामुळेच. तो बिघाड नाही, पण दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा सोडा, आणि त्या गरम पत्र्याला खिळा, स्क्रू मारून चमच्यांचा स्टँड अडकवू नका. हे मी गमतीने लिहीत नाही, गेल्या वर्षी पुतण्याकडे असा एक आला होता. खिळा नळीतून आरपार.

आईचा फ्रिज १९८९चा आहे. ती गेली दोन वर्षांपूर्वी. फ्रिजमध्ये आता खरंच गॅस नाही, मेकॅनिकने फ्रीझरच्या डब्याची गळती दाखवली. दुरुस्त करावा असं मला वाटतं, घरचे हसतात. आतल्या ट्रे आणि हँडल मात्र कुठे मिळत नाहीत.
*— वाई*

हसू द्या. तुमच्या मेकॅनिकने गळती दाखवली, म्हणजे माणूस चांगला आहे, त्याचा नंबर जपून ठेवा.

१९८९चा म्हणजे त्यात आर-१२ असणार. ओझोनचं छत्र फाटू लागलं म्हणून १९८७च्या मॉन्ट्रियल करारात ज्या गॅसांना लगाम घालायचं ठरलं त्यातला हा एक, आणि २०१०पर्यंत आपल्याकडेही त्याची गच्छंती झाली. त्याच्या जागी आर-१३४ए सरळ भरता येत नाही, कारण कंप्रेसरमधलं तेल त्या गॅसशी मिसळत नाही. तेल बदला, ड्रायर बदला, डब्याची गळती बुजवा, आणि बुजवलेल्या अॅल्युमिनियमचा भरवसा मी स्वतःच्या कामालाही देत नाही. एवढं करून वीज तो नव्यापेक्षा जास्तच खाणार. चालता करायचा म्हणून मी यात पैसे घालणार नाही.

पण फेकायचाही नसेल तर नका फेकू. माझ्या माहितीतल्या एका बाईंनी सासूबाईंचा असा फ्रिज धान्याचं कपाट केलाय. उंदीर शिरत नाही, किडा लागत नाही, ज्वारी वर्षभर राहते. त्यासाठी ट्रे आणि हँडल हवंच असेल तर भंगार बाजारात बघा. सर, ताई, सगळ्यांनाच सांगतो : ट्रे, बाटल्यांचे कप्पे, हँडल, भाजीचा डबा असलं प्लॅस्टिक जुनं घ्यायला हरकत नाही, रिले, टायमर, थर्मोस्टॅट जुने घेऊ नका. हँडलच्या दोन स्क्रूमधलं अंतर मोजून न्या. पुण्याला बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात जाणं झालं तर तिथंही नजर टाका.

एक काम मात्र आजच करा. दाराला आतून उघडता येत नाही असा जुना खटका असेल तर तो काढून टाका, आणि रबरातली चुंबकाची पट्टी ओढून घ्या. घरात लहान मुलं आहेत का ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण सुट्टीत येतातच, आणि लपाछपीत बंद फ्रिज ही त्यांना फार चांगली जागा वाटते. कपाट केल्यावर दाराला साधी कडी लावा, वरच्या बाजूला, मोठ्यांच्याच हाताला लागेल अशी.